उपाशी पाण्यातली वस्ती

लोहारा, यवतमाळ
पोळा झाल्यावरचा दुसरा रविवार

प्रिय भैरवी,

वर जे 'प्रिय' पडलं आहे ते हाताच्या सवयीनं पडलं, त्यावर जाऊ नको. मी रागात आहे. मांडवात तू बोललीस त्याला आठवड्याच्या वर झालं आणि राग उतरायच्या ऐवजी लोणच्यासारखा मुरत चालला आहे. फोन करणार होतो, दोनदा तुझा नंबर काढून बसलो. पण फोनवर मी शिव्या देईन, तू 'अमर, आवाज खाली' म्हणशील, मग आपण आवाजावरच भांडू आणि मूळ गोष्ट राहून जाईल. आपलं नेहमी तसंच होतं. म्हणून कागद घेतला. माझं अक्षर तुला माहीत आहे. बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी सरांनी माझा पेपर उलटा धरून पाहिला होता, आणि दुसऱ्या वर्षापर्यंत मी काही टिकलो नाही. जिथं लागणार नाही तिथं अंदाजानं वाच, पण शेवटपर्यंत वाच.

मूळ गोष्ट एवढीच आहे. माझ्या आईनं तुला भर मांडवात एक प्रश्न विचारला आणि तू तिला खोटं सांगितलंस. तुला वाटेल, मांडवात कोण काय विचारतं आणि आपण काय बोलतो, त्याचं एवढं काय. पण त्या उत्तरावर दसऱ्यानंतर इथून गाड्या भरून निघणार आहेत, आणि त्यातली बरीच पोती माझ्या खांद्यावरून चढणार आहेत. म्हणून मला विचारायचा हक्क आहे. दुसरा पण एक हक्क होता, तो सध्या बाजूला ठेवतो.

मी किसनरावच्या कारखान्यात हमाली करतो हे तुला माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. पाऊस लागायच्या आधीपासून आहे, म्हणजे एका जागी इतके दिवस टिकायचा माझा हा विक्रमच. एमआयडीसीच्या मागे तिघांत एक खोली आहे, शनिवारी जमलं तर मुकुटबनला घरी जातो. कारखान्यात हिराकस बनवतात. सोयाबीन पिवळं पडलं की लोक येऊन पोती नेतात, पाण्यात कालवून फवारतात आणि थोड्या दिवसांत पान हिरवं होतं. त्यात लोह असतं एवढं मला कळतं, कारण घाम लागला की माझा खांदा गंजतो. खरंच गंजतो. माझे सगळे बनियन त्या रंगाचे झाले, आई धुता धुता म्हणते, तू कामाले जाते का लोखंडात लोळते. हे सांगायचं नव्हतं. सांगायचं हे होतं की त्या दिवशी मांडवाच्या मागे, गोदामाच्या दारात, खांद्यावर पोतं घेऊन जो उभा होता तो मी होतो. तू मला पाहिलंस का नाही, ते मला अजून कळलं नाही. पाहिलं असशील तर जास्त वाईट आहे.

किसनरावनं गावोगावी गाड्या पाठवून शेतकरी आणले होते, ज्यांनी ज्यांनी त्याची पोती नेली ते सगळे. मुकुटबनहून आई आली. बाबा आले नाहीत. म्हणाले, मले काय समुद्रात वावर घ्यायचं हाय? आलुबोंडे होते, पंखे होते, पंख्यांचा आवाज भाषणापेक्षा मोठा होता. किसनराव उभा राहिला आणि म्हणाला, आपल्या यवतमाळचं लोह आता समुद्रात जाणार आहे, जसं तुमचं सोयाबीन हिरवं होते तसा समुद्र हिरवा होईल आणि हवेतला सगळा धूर पिऊन घेईल, अन त्या धुराचा भाव बाहेरच्या देशातल्या कंपन्या देतील. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या बाजूला फकिरा उभा होता, आमच्या टोळीतला, त्यानं मला कोपर मारलं. म्हणे, समुद्र पिवळा पडला का बे? मी म्हटलं, नाही, निळा आहे. तर म्हणतो, मंग कायले फवारून राह्यले? मला हसू आलं. तेव्हापर्यंत मला हसू येत होतं.

मग किसनराव म्हणाला, आता आपल्या यवतमाळच्या कन्या, वकीलसाहेबांच्या भैरवीताई, त्या समुद्राच्या मधोमध जाऊन आलेल्या. माझ्या खांद्यावरचं पोतं घसरता घसरता राहिलं. दीड वर्षानं तुला पाहत होतो. चष्मा नवीन होता. शाल तुला शोभत नव्हती, हे रागानं नाही म्हणत, खरंच शोभत नव्हती, उन्हाळ्यात गोधडी घेतल्यासारखी दिसत होती. आणि तू बोलायला लागलीस. हिंदी महासागराच्या मध्ये एक पाण्याचं वाळवंट आहे म्हणालीस. तिथं पाण्यात खायला काही नाही, म्हणून तिथं काही पिकत नाही, तो समुद्र पडीक आहे, त्याला थोडं लोह दिलं की तो जागा होईल. पडीक म्हणालीस. मुंड्या हलल्या. पडीक जमीन म्हणजे काय ते त्या मांडवात तुझ्याहून सगळ्यांना जास्त माहीत होतं, आणि तो शब्द तू त्यांच्यासाठी निवडून आणला होतास हेही मला लगेच कळलं. हुशार आहेसच तू.

तेव्हा आई उठली. पदर सारखा केला, ओळख दाखवली नाही, मांडवाचा मान ठेवून तुला 'बाई' म्हणाली. बाई, तुम्ही ते भुकटी टाकान, त्याच्या आधी तिथं कोण राह्यते ते पाह्यलं का? पोट्टे हसले. मागून कोणीतरी म्हणालं, व्हेल मासा राह्यते मावशी, त्याले विचारून टाकू. तू हसली नाहीस. तू तिला ओळखलंस. 'काकू' तू कोणालाही म्हणतेस, पण या 'काकू'त ओळख होती, मला ऐकू आली. काकू, तिथं कोणी राहत नाही, मी स्वतः जाऊन पाहून आले आहे, रिकामं पाणी आहे. आईनं परत विचारलं, कोणीच नाही? तू म्हणालीस, कोणीच नाही. आणि आई बसली.

लोक हसले कारण त्यांना वाटलं म्हातारी खुळ्यासारखं विचारते. ती म्हातारी नाही आणि ते खूळ नाही. आमच्या वावराच्या वरच्या अंगाला मुरमाड बरडाचा एक तुकडा आहे, तुला एकदा लांबून दाखवला होता, तू म्हणाली होतीस इथं घर बांधावं. उन्हाळ्यात त्याचे धुरे, तुझ्या भाषेत बांध, जाळावे लागतात, गवत आणि काटे फार माजतात म्हणून. आमच्या घरात काडी लावायच्या आधी आई तेलाचा रिकामा पिपा घेते आणि तो बडवत धुऱ्याधुऱ्यानं चालते, निघा बापा, आग येऊन राह्यली, लेकरं घेऊन निघा. मग थांबते, बसते, पाणी पिते, आणि नंतर काडी. तिला हे रुपीबाईनं लावलं. झरीकडच्या जंगलातल्या गावची रुपीबाई, तण निंदायला यायची आमच्याकडे. मी लहान असताना एकदा म्हटलं होतं, इथं तर कोणी दिसतच नाही, हाका कोणाला मारता? रुपीबाई म्हणाली, दिसत नाही म्हणजे घरात हाय. बाबा दरवर्षी म्हणतात, गावभर सांगून आग लावणारी ही एकच बाई. पण शेजारच्यानं एका साली न बोलता पेटवलं आणि तितराची पिलं भाजली, तेव्हा आई त्याच्या घरच्या लग्नात जेवली नाही. जाऊन अक्षता टाकल्या आणि उपाशी परत आली. सांगायचं हे की तिनं तुला विज्ञान विचारलं नव्हतं. हाक मारली का, एवढंच विचारलं होतं.

आणि कोणाला विचारलं? तुला. त्या पाण्यात कोण कोण राहतं हे मला ज्या बाईनं दाखवलं तिला. मला पाण्याशी काय घेणं होतं? मी तर मडगावला एका खानावळीत कांदे चिरत होतो. तिथं कसा पोचलो ते सांगायला बसलो तर हे पत्र संत्र्याच्या ट्रकवर चढेल आणि वरुडलाच राहील, ते सोड. तिथं जेवायला आलेली तू म्हणालीस, आमच्या संशोधनाच्या जहाजाच्या भटारखान्यात माणूस पाहिजे, येतोस का, ओकारी होईल. मी म्हटलं, पगार होईल का. ओकारी पहिले झाली. सहा दिवस मी जगलो का मेलो मला आठवत नाही. सातव्या दिवशी वर आलो तर पाणी असं निळं होतं की मी घाबरलो. किनाऱ्याजवळचं हिरवट-मातकट पाणी पाहिलेला माणूस मी. हे शाईसारखं होतं आणि बादलीत घेतलं की काचेसारखं, तळाचा गंज दिसत होता. मी म्हटलं, किती साफ आहे. तू म्हणालीस, साफ नाही, उपाशी आहे. तो शब्द माझ्या डोक्यातून गेला नाही. पाणी उपाशी असतं हे मला माहीत नव्हतं.

मग तू ती मलमलीसारखी जाळी ओढून घेतलीस, तिच्या टोकाला बांधलेली बरणी मला धरायला दिलीस. मी उजेडात धरून पाहिली आणि म्हटलं, एवढा वेळ ओढून तुम्ही धुतलेलं पाणी आणलं, यात काही नाही. तू माझ्या डोक्यात टप्पल मारलीस. सगळ्यांसमोर. म्हणालीस, पाण्यात आहे, तुझ्या डोळ्यात नाही. आणि भिंगावर बसवलंस.

भैरवी, मी भिंगातून काय पाहिलं ते तुला सांगायची गरज नाही, पण सांगतो, कारण तू विसरलीस असं दिसतं. एक होता सराट्याच्या काट्यासारखा, चहूबाजूंनी सुया, सगळा काचेचा, आणि त्या काचेच्या घरात त्यानं हिरवे भाडेकरू ठेवलेले, ते उन्हावर रांधतात आणि घरमालकाला देतात. एक होता खडूच्या चकत्या अंगाला चिकटवून फिरणारा, जशी काही त्याची कोणाशी दुश्मनी आहे. एक कडब्याच्या पेंडीसारखा, बारीक काड्यांचा जुडगा, तू म्हणालीस आपल्या तुरीच्या मुळावरच्या गाठी हवेतून जे ओढतात तेच हा पाण्यावर तरंगत तरंगत ओढतो. एक उन्हावर पण जगतो आणि संधी मिळाली की शेजाऱ्याला पण खातो. मी म्हटलं, हा तर सरपंच आहे. तू इतकी हसलीस की काचपट्टी हलली आणि सरपंच पळाला. भर दुपारी तू खोलीचा दिवा बंद केलास, तो निळा उजेड लावलास आणि म्हणालीस आता सगळ्यात लहान बघ. ठिणग्या होत्या. चुलीत फुंकर मारल्यावर उडतात तशा, पण जागच्या जागी थांबलेल्या. चमचाभर पाण्यात लाखांनी. तू म्हणालीस यातल्या कित्येकांना अजून नावं पण नाहीत.

मी विचारलं होतं, खायला नाही म्हणता आणि गर्दी एवढी कशी? तू जे सांगितलंस ते मला शाळेतल्या कोणत्याच गोष्टीपेक्षा जास्त आठवतं. जिथं खायला भरपूर असतं तिथं एखाद-दुसरा माजतो आणि बाकीचे दबतात, म्हणालीस. जिथं कमी असतं तिथं कोणाला माजताच येत नाही, मग ज्यानं त्यानं आपली वेगळी युक्ती काढायची. कोणी लहान व्हायचं, कोणी खोल अंधाऱ्या पाण्यात जाऊन बसायचं, कोणी भाडेकरू ठेवायचे. म्हणून सगळ्यात उपाशी पाण्यात सगळ्यात जास्त तऱ्हा. आणि तू त्यांना जीव म्हणत नव्हतीस, सूक्ष्म-बिक्ष्म म्हणत नव्हतीस. तू त्यांना 'लोक' म्हणायचीस. सकाळी बरणी उजेडात धरून म्हणायचीस, बघू आज कोणते लोक आले. मी भांडी घासता घासता ऐकायचो. माझ्यात जे काही झालं ते तिथं झालं, त्या 'लोक' म्हणण्यात.

तीच तू मांडवात म्हणालीस, तिथं कोणी राहत नाही.

आता तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. म्हणशील, अमर, तुला यातलं कळत नाही. नाहीच कळत. हिराकस टाकल्यानं हवा सुधारत असेलही. पृथ्वी तापते हे मलाही कळतं, गेल्या मे महिन्यात गोदामाच्या पत्र्याखाली काम केलं आहे मी. कदाचित थोडंसंच टाकणार असतील, कदाचित मेलेले परत येतील, कदाचित त्याचा हिशोब तुझ्याकडे पक्का असेल. असेल बापा. मी त्यावर एक शब्द बोलत नाही. पण आईनं ते विचारलं नव्हतं. ती म्हणाली नव्हती की टाकू नका. धुरा तीही जाळतेच. तिनं विचारलं कोण राहतं. 'हो काकू, खूप जण राहतात, आणि त्यातल्या काहींचं आमच्यामुळे वाईट होईल, तरी आम्हाला करावं लागेल असं वाटतं,' एवढं म्हटलं असतंस तर मी तुझ्यासाठी ती सगळी पोती एकट्यानं चढवली असती. पण मग किसनरावनं तुला दुसऱ्यांदा माइक दिला नसता. परवानगी देणाऱ्यांना तूच लेखी सांगणार आहेस ना? तो सगळ्यांना सांगत फिरतो, बाईनंच सांगतलं रिकामं हाय, आता कोण अडवते.

तू का म्हणालीस तेही मला माहीत आहे, आणि त्यानंच जास्त राग येतो. तुझी शिष्यवृत्ती संपली, जहाज पुन्हा निघालं नाही, तुझ्या भिंगाच्या खोलीला कुलूप लागलं. तू फोनवर एकदा म्हणाली होतीस, मला कोणी मधल्या समुद्रात परत नेलं तर मी त्याचे पाय धरीन. मी तेव्हा म्हटलं होतं, माझ्याकडे जहाज असतं तर तुला पाय धरावे लागले नसते. तू म्हणालीस, तुझ्याकडे सायकल पण नाही. खरं आहे, नाही. आणि आता ती धुराचा भाव देणारी कंपनी तुला जहाज देते, पोत्यांसोबत. मला दिसतं तू मनात काय ठरवलं आहेस. एकदा पाण्यावर पोचू दे, मग आधी जाळी टाकीन, सगळे लोक नोंदवून घेईन, मग बघू. पण तू पोचशील तेव्हा पोती पण पोचतील. तू बरणी उजेडात धरशील आणि मागे कोणीतरी पोत्याची शिलाई उसवत असेल, आणि तो तुला थांबून विचारणार नाही, कारण तूच सांगितलं होतंस की कोणी नाही. मग कोणाची नावं लिहिशील? ज्यांच्या घरावर आपणच आग टाकली त्यांची?

फकिराला मी हे सगळं एकदा चहा पिताना सांगितलं. तो म्हणाला, तू पोतं टाकून देशील तर दुसरा उचलन, तुले काय वाटते पोतं तुझ्यासाठी थांबून राह्यलं? बरोबर बोलला. म्हणून मी अजून जातो, अजून उचलतो, खांदा अजून गंजतो. काम सोडलं असतं एव्हाना, तुला माहीत आहे मी कोणत्याही कारणानं सोडतो, विनाकारण पण सोडतो. पण सोडलं तर आई विचारेल काहून सोडलं, आणि तिला सांगावं लागेल. आणि मी सांगितलं तर ती माझं ऐकेल, यात शंका नाही. ऐकेल, पिपा घेऊन किसनरावच्या फाटकात येऊन बसेल, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगेल आत काय चाललं आहे ते. ती बसली तर तिच्या बाजूला अजून दोघी-चौघी येऊन बसतील, तिचं तसं वजन आहे. मला त्याची भीती नाही. मला भीती वेगळीच आहे, आणि इथपर्यंत लिहिताना मी तिच्याभोवती नुसता चकरा मारतो आहे, त्या जहाजासारखा.

तर ऐक. तीन वर्षं आई आपल्या लग्नाला नाही म्हणत आली. तू समजत होतीस जातीमुळे, वकिलाची शहरातली पोरगी आणि आम्ही कापूस-सोयाबीनवाले म्हणून. मीही कधी समजावलं नाही, कारण खरं कारण सांगायलाच लाज वाटते. तू दिवाळीत घरी जेवायला आली होतीस त्या दिवशी आई घाईत वांग्याच्या भाजीत मीठ टाकायची विसरली. तू पहिला घास घेतलास आणि म्हणालीस, काकू, भाजी एक नंबर. बाबा आणि मी खाली पाहत होतो. तू गेल्यावर आई जेवायला बसली, तिनं घास तोंडात घेतला आणि ताट सरकवलं. म्हणाली, जे पोरगी अळणीले अळणी नाही म्हणत, तिच्या भरवशावर मी उद्या घर कसं सोडू? मी किती समजावलं, पाहुणी होती, लाजली असेल. नाही म्हणजे नाही. आणि मागच्या शनिवारी मी घरी गेलो तर आईनं मला समोर बसवून वाढलं आणि म्हणाली, पोट्टी सुधरली बरं. मी भर मांडवात विचारलं, लोक हासले, पण तिनं गोड गोड काही केलं नाही, मालकाकडे पाह्यलं नाही, दोनदा विचारलं तर दोनदा तोंडावर सांगतलं, नाही म्हणून. आण तिले. दसरा झाला की मी अन तुझे बाबा वकिलाच्या घरी जातो. भैरवी, हे वाक्य ऐकायला मी तीन वर्षं गावोगाव भटकलो, आणि ऐकलं तेव्हा मी पोळी अर्धी टाकून उठलो. आईला वाटलं आनंदानं. म्हणून हे पत्र. आता तू ये. वकीलसाहेबांना सांगायच्या आधी, किसनरावच्या दुसऱ्या माइकच्या आधी, मुकुटबनला ये, आमच्या ओट्यावर आईसमोर बस आणि तिला तुझ्या तोंडानं सांग की तिथं कोण कोण राहतं. भाडेकरूवाला सांग, सरपंच सांग, ठिणग्या सांग, नावं नसलेले पण सांग. मी सांगणार नाही, कारण माझ्या तोंडून कळलं तर तू तिच्यासाठी जन्मभर खोटी राहशील. तू सांगितलंस तर जहाज हातचं जाईल, हे मला माहीत आहे. आई परत नाही म्हणेल, हेही मला माहीत आहे. म्हणू दे. नाही म्हणणाऱ्या आईच्या हातचं मी इतकी वर्षं जेवलो आहे, अजून जेवीन. पण तिच्या या 'हो'वर तुला त्या घरात आणायची माझी हिंमत नाही.

रागावलेला, आणि तरी तुझाच,
अमर